राखणदार आणि चोरखिसा

माझी बायको शालन हिने सावंतवाडीच्या शाळेत उभी हयात भूगोल शिकवला. साती खंडांतल्या नद्या तिला पाठ. पण स्वतः ओलांडलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे तेरेखोलची खाडी, आणि तीसुद्धा एसटीत बसून, पुलावरून.

वर्गात बोस्फरसची सामुद्रधुनी आली की ती फळ्यावर दोन उभ्या रेघा ओढायची. "ही युरोपची कड, ही आशियाची. मधल्या पाण्यातून बोटी जातात-येतात. बायका एका खंडात भाजी घेतात आणि दुसऱ्या खंडात जाऊन फोडणीला टाकतात." भाजीचं पुस्तकात नव्हतं, ते तिने पदरचं घातलेलं. थापा मारण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे. पण इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर थोडं तिकडेही झिरपणारच.

मागच्या साली तिच्या डोळ्यांचं निघालं. आतल्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललेला. डॉक्टर म्हणाला, "बाई, मधलं जाणार, कडेकडेचं राहणार. एखाद्याचा चेहरा बघाल तर चेहऱ्याच्या जागी धुकं दिसेल, कान मात्र दिसतील."

"म्हणजे देश जाणार आणि किनारा राहणार," शालन म्हणाली.

"तसंच. आणि किनाराही किती दिवस, ते सांगता येत नाही. काही बघायचं राहिलं असेल तर यंदाच बघून घ्या."

घरी येताना रिक्षात ती एवढंच म्हणाली, "अहो, मला त्या बोटीत बसायचंय."

आता यात अवघड काय? विमानात बसायचं, इस्तंबूलला उतरायचं, बोटीत बसायचं. पण आपण ज्या काळात म्हातारे झालो, तो काळ इतका सरळ नाही. मध्ये राखणदार आला.

आमच्या गावाच्या वेशीवर जो राखणदार आहे तो एका नारळावर सगळ्या गावाला सांभाळतो, आणि त्याला कधी चार्जिंगला लावावं लागत नाही. हा दुसरा. सदऱ्याला लावायचा बिल्ला, कोटाच्या बटणाएवढा. त्याला एक डोळा, एक कान आणि एक दिवा. दिवा हिरवा असला तर खुशाल फिरा. पिवळा झाला तर जपून. लाल झाला तर जिथे असाल तिथून निघा आणि बिल्ला सांगेल त्या 'सुरक्षित थांब्या'वर जाऊन बसा. लाल दिव्याकडे दुर्लक्ष केलंत तर विमा रद्द, विमा रद्द की व्हिसा रद्द. शिवाय सत्तरी उलटलेल्याला एक 'पालक' नेमावा लागतो. बिल्ल्याचा रंग त्याच्या फोनवर दिसतो आणि त्याच्या मनात आलं तर तो एका बोटाने आपली सहल गुंडाळू शकतो. आमचा पालक म्हणजे आमचा मुलगा निनाद, मुक्काम बंगळूर. ज्याच्या प्रगतिपुस्तकावर मी सह्या केल्या, तो आता माझ्यावर सही करणार!

धोका कळतो कसा, हे मला निनादने समजावलं होतं. कुठल्या गल्लीत किती चोऱ्या झाल्या याचे आकडे त्याच्याकडे असतात, पण ते झालं जुनं ज्ञान. खरी करामत पुढे आहे. चोरी होण्याआधी माणसाचं शरीर काहीतरी बोलतं. लाखो तासांचं रस्त्यांवरचं चित्रण यंत्राला दाखवून त्याला ती बोली शिकवलेली. कमरेला काही लपवलेला माणूस नकळत तिथे पुन्हापुन्हा हात नेतो. त्याची नजर भिरभिरते. टोळीतली माणसं एकमेकांकडे बघून खुणा करतात. बिल्ला आजूबाजूच्या माणसांत हे शोधतो, त्यावरून धोका ठरवतो, आणि जवळपास जितके बिल्ले असतील तितक्यांना कळवतो. एकाने पाहिलं की सगळे सावध.

"आणि बिल्ला लावणारा स्वतःच चोर असला तर?" मी विचारलं होतं.

"बाबा, विमा काढून चोरी करायला कोण जातं? लावणाऱ्याला तो गिऱ्हाईक समजतो. बघतो ते दुसऱ्यांकडे."

हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही, म्हणून पुढचं सगळं झालं.

निघण्याआधी सहल कंपनीने आम्हाला एका सभागृहात बोलावलं. आमची सहलप्रमुख मिथिला, नातीच्या वयाची, पण आवाजाने हवालदार. तिने पडद्यावर इतक्या चोऱ्या दाखवल्या की समोरच्या समोशाला कुणी हात लावेना. "पासपोर्ट आणि पैसे अंगाबरोबर! पर्सवर विश्वास ठेवू नका!" झालं. आपल्या माणसाला अंगाबरोबर म्हटलं की एकच गोष्ट सुचते. घरोघरी शिवणयंत्रं बाहेर निघाली. शालनने माझ्या बनियनला आतून कमरेपाशी चोरखिसा शिवला, वर हुक, हुकावर नाडी. स्वतःच्या परकरालाही एक शिवला. चिपळूणचे घैसास तर तीन चोरखिसे घेऊन आले होते. त्यातला एक कुठे होता ते विमानतळाच्या तपासणीत जाहीर झालं. इथे लिहीत नाही.

आणि मग इस्तंबूल.

पहिल्या सकाळी जुन्या बाजाराच्या दारात उभे राहिलो. कमानीखाली दिव्यांच्या रांगा, मसाल्यांचे डोंगर. शालन मान वाकडी करून डोळ्यांच्या कडेने बघत होती. इतक्यात टीं टीं टीं! सगळ्यांचे बिल्ले लाल. मिथिलाने झेंडा उंचावला. "मागे फिरा! सुरक्षित थांबा!"

थांबा म्हणजे काचेचा मॉल. कोल्हापूरला आहे तसाच, फक्त पाट्या वाचता येत नव्हत्या. तिथे आम्ही फिरत्या जिन्याने वर गेलो, खाली आलो, आणि परत वर गेलो.

दुपारी मशिदीच्या अंगणात गेलो, तिथेही लाल. दुसऱ्या दिवशी राजवाडा. तिकिटाच्या रांगेत नुसता पिवळा होता, तेवढ्यात पुढे उभ्या असलेल्या जपानी पर्यटकांनी आपापले बिल्ले पाहिले, आमच्याकडे पाहिलं आणि अख्खा घोळका छत्र्या सावरत पळाला. घैसास ओरडले, "अरे, ते पळतायत, म्हणजे काहीतरी आहे!" मग आम्हीही पळालो. आम्हाला पळताना बघून मागची जर्मन मंडळी पळाली. क्षणात राजवाड्यासमोर फक्त एक मांजर उरलं. ते निवांत अंग चाटत बसलं होतं, त्याचा विमा नसणार.

तीन दिवसांत मी इस्तंबूलचं काय काय पाहिलं, विचारा. एक मॉल. हॉटेलची लॉबी. बसच्या खिडकीतून एक मिनार, तोसुद्धा मध्ये जाहिरातीचा फलक आल्यामुळे कमरेपासून वरचा. आणि धक्का! धक्क्यावर दोनदा गेलो. समोर शालनची बोट उभी, पांढरी, काळ्या-पिवळ्या धुराड्याची. एकदा तर शालनचा पाय फळीवर पडायचा तेवढा बाकी होता. टीं टीं टीं!

"मी पुढे जाते," शालन म्हणाली. "होऊ दे काय व्हायचं ते."

"काकू, विमा!" मिथिला रडकुंडीला आली. "एकाने मोडला तर सगळ्या ग्रुपला परत पाठवतात हो!"

शालन मागे फिरली. शाळेतसुद्धा ती चिडली की आवाज न चढवता खडू खाली ठेवायची, आणि वर्गाला घाम फुटायचा. तसं तिने पाऊल खाली ठेवलं.

संध्याकाळी हॉटेलवर पोचतो तोच निनादचा फोन. "बाबा, हे काय चाललंय? तीन दिवसांत एवढे लाल? माझ्या ऑफिसातले लोक चोर-दरोडेखोरांच्या गावी जाऊन हिरवे परत आलेत."

"आम्ही काय चोरांना आमंत्रण देतो का रे?"

"उद्या अजून एक लाल आला तर मी तिकिटं बदलणार. सांगून ठेवतोय."

"तुझ्या आईला बोटीत बसायचंय."

"आईला बोट हवी तर मी तिला मालवणला बसवतो. तिथे ओळखीचे लोक आहेत."

"मालवणच्या समोर आशिया नाही!" मी ओरडलो आणि फोन आपटला. हल्लीचे फोन आपटल्याचा आवाजही येत नाही. त्यातही समाधान नाही.

मदत-क्रमांक लावून पाहिला. तिकडून एक गोड आवाज आला. "आपली काळजी आम्हाला समजते. आपण सध्या सुरक्षित थांब्यावर आहात. आनंद घ्या."

कसला आनंद? लॉबीत सगळी मंडळी पेंगुळलेली. दाराशी सहा फुटी पहारेकरी, बाहेर पोलिसांची चौकी. माणसं इतकी वैतागलेली की घैसास आणि घैसासवहिनी एकमेकांशीच भांडून दमले होते. म्हटलं, करमणूक करावी. मी एक गोष्ट काढली.

"आमच्याकडे जत्रेत एक चोर यायचा," मी सुरू केलं. "त्याचा हात इतका हलका, की माणूस शिंकायला तोंड उघडायचा आणि बंद करेपर्यंत सोन्याचा दात गेलेला असायचा. एकदा त्याने चालत्या माणसाचं धोतर काढून घेतलं. माणूस घरी पोचला तेव्हा बायकोने विचारलं, तेव्हा कुठे त्याला कळलं. आणि चोरखिसा? चोरखिसा तर तो खिसा न फाडता..."

टीं टीं टीं टीं!

लॉबीभर लाल. पहारेकरी धावत आला. बाहेरचे पोलीस आत डोकावले. मिथिला मटकन खाली बसली. "इथेसुद्धा? अहो, हा तर सुरक्षित थांबा आहे! आता कुठे नेऊ तुम्हाला?"

आणि त्या गोंधळात शालन शांतपणे म्हणाली, "अहो, ती गोष्ट परत सांगा."

"आत्ता?"

"आत्ताच. चोरखिशाचं. जोरात."

बायकोने माझी थाप पुन्हा ऐकायला मागावी, हे लग्नानंतर प्रथमच घडत होतं. दिवे हिरवे होईपर्यंत थांबलो आणि सुरुवात केली. चोर, जत्रा, हलका हात... "चोरखिसा तर तो..."

टीं टीं टीं!

"आता सगळ्यांनी दोन्ही हात वर करा," शालन म्हणाली. हा आवाज सातवीच्या वर्गातला. घैसासांसकट सगळ्यांचे हात वर गेले. पहारेकऱ्याने मराठीतला एक शब्द न कळता हात वर केले. हळूहळू एकेक दिवा हिरवा झाला.

"मला तुमचे चेहरे दिसत नाहीत," शालन म्हणाली. "म्हणून मला तुमचे हात दिसतात. यांनी चोर म्हटलं की तुम्ही सगळे कमरेपाशी चाचपता. मीसुद्धा. बाजारात चाचपता, रांगेत चाचपता, धक्क्यावर गर्दी दिसली की दोन्ही हातांनी चाचपता. आणि मग एकमेकांकडे बघून मान हलवता, आहे ना, आहे."

मला निनादचं वाक्य आठवलं. बघतो तो दुसऱ्यांकडे. म्हणजे माझा बिल्ला घैसासांना बघत होता, घैसासांचा मला. अंगात काहीतरी लपवलेली, भिरभिरत्या नजरेची, एकमेकांना खुणा करणारी माणसं. गेले तीन दिवस इस्तंबूल शहरात एक टोळी हिंडत होती आणि तिच्या भीतीने जपानी, जर्मन वाट फुटेल तिकडे पळत होते. ती टोळी म्हणजे आम्ही.

"ठिकाण लाल नव्हतंच," शालन म्हणाली. "आपण जाऊ तिथे आपणच लाल घेऊन जात होतो."

मिथिला टुणकन उठली. "मग सोपं आहे! सगळ्यांनी चोरखिसे काढा. पासपोर्ट, पैसे हॉटेलच्या लॉकरमध्ये."

"चोरखिसा काढू?" घैसास किंचाळले. "परक्या देशात? त्यापेक्षा मला पासपोर्टसकट पोलिसांत द्या! लॉकरची किल्ली कुणाकडे? हॉटेलवाल्याकडेच ना?"

"अहो, पण यामुळेच तर..."

"यंत्राने म्हणायचं बेसावध व्हा म्हणजे तुम्ही सुरक्षित, आणि आपण व्हायचं? हे कसलं सायन्स!"

आता खरं सांगायचं तर मला घैसासांचं पटत होतं. चोराला भिऊन वागावं तर यंत्र आपल्यालाच चोर ठरवतं. यंत्राला भिऊन वागावं तर चोराचं फावतं. मध्ये आपण, सत्तरी उलटलेले, परक्या मुलखात, एका हुकाच्या भरवशावर. माझ्या हाताने तेवढ्यात पुन्हा बनियन चाचपलं. शेजारच्याचा बिल्ला पिवळा झाला. मी त्याला मनातल्या मनात जी शिवी दिली, ती ऐकली असती तर लाल झाला असता.

खोलीत गेल्यावर शालनने परकराच्या चोरखिशाची शिवण उसवायला घेतली. दिसत नव्हतं, बोटांनी टाके शोधत होती.

"निनादने तिकिटं बदलली तर?" मी म्हटलं.

"म्हणूनच उद्या सकाळी. तुम्ही येणार नसाल तर मी एकटी जाते."

"आणि पैसे?"

"पैसे गेले तर परत मिळतील. हे नाही मिळणार." तिने कात्री माझ्याकडे केली. "बनियन काढा."

सकाळी दोघांचे पासपोर्ट लॉकरात गेले. बोटीच्या भाड्यापुरते सुटे पैसे माझ्या सदऱ्याच्या वरच्या खिशात, उघड्यावर, जगाला दिसतील असे. मिथिलाला सांगितलं, तर ती छताकडे बघत म्हणाली, "काका, मी काही ऐकलं नाही. मी आत्ता नाश्ता करतेय." घैसास तीनही चोरखिशांसह लॉबीत बसून होते.

रस्त्यावर दहा पावलंही गेलो नसू, शालनचा बिल्ला पिवळा.

"अहो, हात!"

खिसा नव्हता, तरी हात तिथेच. इतक्या दिवसांची सवय. हाताला कुठे कळतंय की शिवण उसवली? खाली घेतला, परत गेला. मागे बांधला, परत पुढे आला. तिच्याही हाताचं तेच. पिवळा, हिरवा, पिवळा. कोपऱ्यावर धक्का दिसत होता आणि तिथली गर्दी बघून माझा हात निघालाच होता, बिल्ला लाल होणार होता, बंगळुरात एक बोट तिकिटं बदलायला सरसावणार होतं...

शालनने माझा हात घट्ट पकडला.

आम्ही सावंतवाडीची माणसं. मोती तलावाच्या काठाने इतकी वर्षं फिरलो, मी दोन पावलं पुढे, ती दोन पावलं मागे. लग्नात भटजींनी हातात हात दिला तेवढाच चारचौघांत. मी इकडेतिकडे पाहिलं.

"बघताय काय? इथे आपल्याला कोण ओळखतं?" ती म्हणाली. "आणि भिरभिरत्या नजरेनेही लाल होतो."

कोपऱ्यावर हातगाडीवाला तीळ लावलेल्या पावाची कडी विकत होता. उरलेल्या हातांचा बंदोबस्त म्हणून दोन घेतली. अशा रीतीने चारही हात गुंतले. दोन्ही दिवे हिरवे. धक्क्यावर खेटाखेट, गोंगाट, माणसांचा लोंढा. आम्ही त्यातून गेलो, फळी ओलांडली, वरच्या मजल्यावर जाऊन उत्तरेकडच्या कठड्याला टेकलो. भोंगा झाला. बोट हलली. सीगल पक्षी आमच्या कड्यांवर डोळा ठेवून बरोबर निघाले. त्यांनाही बिल्ल्यांनी काही केलं नाही, आणि ते तर उघड उघड दरोडेखोर.

युरोप मागे सरकू लागला, तोच फोन.

"बाबा!" निनादचा आवाज खूष होता. "आज कमाल आहे. दोघेही हिरवे. तुमचा स्कोअर तर आजवरचा सगळ्यात चांगला. शंभरात शंभर! फक्त एक कळत नाही. आई समुद्रावर दिसतेय. तुम्ही तिला एकटीला सोडून मासळीबाजारात काय करताय?"

मी सदऱ्याकडे पाहिलं. बिल्ल्याच्या जागी दोन बारीक भोकं होती. वरच्या खिशातले सुटे पैसे जसेच्या तसे.

धक्क्यावरच्या लोंढ्यात कुणीतरी हात साफ केला होता. कुठल्या देशाचा होता देव जाणे, पण आमच्या जत्रेतल्या चोराचा सख्खा नातेवाईक असावा. आणि आता तो माझा राखणदार स्वतःच्या छातीला लावून मासळीबाजारातून चालला होता. कमरेला चाचपत नव्हता. नजर भिरभिरत नव्हती. हात अगदी शांत, सराईत. आजूबाजूच्या बिल्ल्यांनी त्याला पाहिलं, माझ्या बिल्ल्याने त्याला गिऱ्हाईक मानलं, आणि यंत्राने शंभरात शंभर दिले.

मी निनादला हे सांगितलं.

"बाबा, थट्टा करताय ना?"

"आयुष्यात पहिल्यांदा करत नाहीये."

"म्हणजे आत्ता तुमच्या अंगावर बिल्ला नाही? विमा... थांबा, मी आत्ता..." टिचक्या ऐकू आल्या. मग थांबल्या. "बाबा, नक्की कुठे आहात तुम्ही? ते तरी सांगा."

मी फोन शालनपुढे धरला. "तूच सांग. भूगोल तुझा."

शालन कठड्याला टेकून सरळ समोर बघत होती. समोर नुसतं पाणी, आणि तिच्यासाठी तेही धुकं.

"मधलं मला काही दिसत नाही रे," ती म्हणाली. "पण डाव्या हाताला युरोप आहे आणि उजव्या हाताला आशिया. दोन्ही एकदम दिसतायत. अगदी कडेपर्यंत." मग म्हणाली, "फळ्यावर मी रेघा फार सरळ काढायची. तशा नाहीत त्या."

निनाद म्हणाला, "बघ सावकाश, आई. तिकिटांचं राहू दे." आणि त्याने फोन ठेवला.

शेजारच्या बाकावर एक बाई बसली होती. पायाशी पिशवी, पिशवीतून डोकावणारी वांगी आणि कांद्याची पात. मी शालनला सांगितलं.

"थापा नका मारू," ती म्हणाली, पण मान वाकडी करून तिने त्या बाजूला पाहिलं आणि हसली.

"अहो, आता हात सोडलात तरी चालेल. तुमचा बिल्ला गेला."

"तुझा आहे ना अजून."

तिने हात सोडवून घेतला. बोटांनी चाचपत बिल्ला काढला, पर्समध्ये टाकला, पर्स बाकावर ठेवली, तोंड उघडं, कुणीही न्यावी अशी. आणि मग हात पुन्हा माझ्यापुढे केला.